वाकड्या बांधाचे गाऱ्हाणे

मित्रांनो, तुमच्यापैकी कितीतरी जण माझ्यावरून चालत गेले असतील, पण खाली वाकून कोणी माझी विचारपूस केल्याचे मला आठवत नाही. तुमचे डोळे सदा शेताकडे लागलेले. मी बांध. दोन शेतांच्या मध्ये आडवा पडलेला, गवताने झाकलेला आणि अंगाने वाकडा असा मातीचा एक जुना बांध. आधीच सांगून टाकतो, मी फार जळका आहे. मन मोठे असावे असे सगळे म्हणतात. माझे नाही, त्याला मी काय करू? सगळा मोठेपणा माझ्या शेजारणीने घेऊन टाकला.

ही शेजारीण म्हणजे शेत. तिची माती काजळासारखी काळी, म्हणून माणसे तिला लाडाने 'काळी' म्हणतात. कोणी कोणी तर 'काळी आई' म्हणतात. मला मात्र वर्षानुवर्षे कोणी साधा मामासुद्धा म्हटले नाही. खरे तर मीही त्याच मातीचा आहे. तिच्याच अंगावरची माती काढून मला उभे केले. तेव्हा ती माझी आई लागते की बहीण, हे मला अजून ठरवता आलेले नाही. पण घरात एकाच मुलाचे लाड झाले की दुसऱ्याच्या पोटात काय होते, ते तुमच्यापैकी काहींना ठाऊक असेलच.

मला घातले आबांनी. ही जमीन त्यांची. वरच्या अंगाला रस्ता, खालच्या अंगाला विहीर आणि घर, आणि मधली सगळी जमीन उतरती. जोराचा पाऊस झाला की काळीचा वरचा मऊ थर घसरत घसरत विहिरीकडे निघायचा. आबांना ते बघवेना. एकदा भर पावसात सगळे घरात बसलेले असताना ते कुदळ घेऊन बाहेर पडले. बरोबर त्यांची थोरली लेक, ताई. तिच्या काखेत लाकडी खुंट्यांची मोळी. आबा उतारावर आडवी अशी एक छोटी सरी ओढायचे आणि तिच्यातल्या पाण्याकडे बघत राहायचे. सरीतले पाणी पुढे पळाले तर पुढची जागा खाली गेली असे समजायचे आणि थोडे वर सरकायचे. पाणी जागच्या जागी उभे राहिले की ते हात पुढे करायचे, आणि ताई त्या हातात एक खुंटी द्यायची. त्या खुंट्यांच्या रेषेवर पुढे मला घातले. रेषा पाण्याने काढलेली होती, म्हणून मी वाकडा झालो. रस्त्याने जाणारे हसले. म्हणाले, "आबा, बांध घातलाय की साप सोडलाय?"

आबांनी माझ्या अंगावर एक उंच गवत लावले. त्याची मुळे खोल जातात आणि त्यांना फार छान वास येतो. एका टोकाला जास्तीचे पाणी शांतपणे निघून जावे म्हणून त्यांनी दगड रचून वाट केली. मग मी कामाला लागलो. वरून धावत आलेले पाणी माझ्यापाशी येऊन थांबे, आपले ओझे खाली ठेवी, आणि रिकाम्या हाताने पुढे जाई. माती वर राहायची, पाणी विहिरीला मिळायचे. विहिरीत वाकून पाहिले तर तळाचा खडक दिसत असे.

आणि शाबासकी कोणाला? काळीला! पीक आले की पाहुणे येत. कमरेवर हात ठेवून म्हणत, "काय जमीन आहे हो तुमची!" हे म्हणताना ते उभे कुठे असत? माझ्या अंगावर. उन्हाने काळीला भेगा पडल्या की घरादाराला काळजी लागे. भेगा मलाही पडत, पण माझ्या भेगांमध्ये उंदीर राहायला येत. तिला शेणखत, तिला पेरणी, तिला खुरपणी. मला वर्षातून एकदा गवत कापायला विळा. मी रागाने दात खाल्ले असते, पण मला दात नव्हते.

एकच मुलगी माझी होती. ताईची लेक, चिमणी. शाळेत जाताना ती रस्त्याने न जाता माझ्यावरून जायची. वाटेत गवताची एक मुळी उपटून खिशात टाकायची आणि वर्गात झोप यायला लागली की तिचा वास घ्यायची. असे ती आईला सांगत होती, ते मी ऐकले. मुळी उपटली की दुखायचे थोडे. पण काळीच्या मातीचा वास घ्यायला कोणी वर्गात नेत नव्हते, हेही खरे.

आबा थकले तेव्हा त्यांनी वाटणी केली. वरचे शेत ताईला, खालचे तिच्या धाकट्या भावाला. विहीर दोघांची. घराच्याही दोन बाजू झाल्या. कुदळी वाटल्या, टोपल्या वाटल्या, ओटीवरचा बाकसुद्धा एकाकडे गेला. माझ्याविषयी आबा एवढेच म्हणाले, "बांधाला कोणी हात लावायचा नाही." म्हणजे बघा, फुटक्या टोपलीलाही मालक मिळाला आणि मी तसाच राहिलो.

आबा गेल्यावर हात लागलाच. दोघांकडे नांगरायला एकच ट्रॅक्टरवाला येई. त्याच्या ओळी दोरी लावल्यासारख्या सरळ असत आणि त्याला त्याचा भारी अभिमान होता, म्हणून सगळे त्याला सरळ्या म्हणत. माझा वाकडेपणा त्याच्या डोळ्यांत खुपायचा.

एके वर्षी ताई त्याला हळूच म्हणाली, "जरा बांधाला खेटून घे रे. भाऊ खालून कोरतोय, मला दिसत नाही का?"

सरळ्याने नांगराचे एक तास, म्हणजे एक ओळ, माझ्यात घातले. मग तो खाली गेला. तिथे भाऊने त्याला पाणी दिले आणि म्हणाला, "ताई वरून खात चाललीय बांध. आपण गप्प बसायचं होय? तूही थोडं आत घे."

सरळ्याने तिकडूनही एक तास घातले. दोन्ही घरचा चहा त्याला मिळत होता, तो कशाला बोलेल! असे दरवर्षी चालले. दोघांनाही वाटे की आपण चोराच्या उलट्या बोंबा ऐकून घेणारे साधेभोळे आहोत आणि आपले गेलेले तेवढे परत घेतो आहोत. मी मात्र बारीक होत चाललो. मित्रांनो, तुम्हाला वाटेल मी रडलो असेन. छे! माझी जी माती कोरली जाई ती काळीत मिसळे, आणि मिसळली की तिला खत मिळे, पाणी मिळे. मी मनात म्हणे, चला, अर्धा तरी मी शेत झालो.

शेवटी एकदा भांडण चव्हाट्यावर आले. पण त्या दिवशी काय झाले होते कोण जाणे, भांडता भांडता दोघेही थकली आणि ओटीच्या पायरीवर बसली.

"या वाकड्यामुळेच सगळं होतंय," भाऊ म्हणाला. "तो कुठे सुरू होतो, कुठे संपतो, कोणालाच कळत नाही."

"काढूनच टाकू मग," ताई म्हणाली. "सरळ रेषेत हद्दीचे दगड रोवू. तुझं तुला, माझं मला."

सरळ्या तिथेच होता. "एका दिवसात काढून देतो. पुढच्या वर्षी ओळी बघत बसाल!"

त्या संध्याकाळी बहीण-भाऊ किती वर्षांनी एकत्र हसताना मी पाहिले. चहा एकाच चुलीवर झाला. आणि सर्वांत जास्त आनंद कोणाला झाला असेल, तर मला. माझे दिवस आले होते! सरळ्याने मला उभा आडवा नांगरला, गवत मुळासकट उपटून कडेला टाकले, माझी माती चहूकडे पसरली. फक्त दगडांच्या वाटेपाशी फाळ जाईना, म्हणून तिथला गवताचा एक झुबका राहून गेला. बाकी मी शेत झालो. मलाही खताच्या गोणीतले दाणे मिळाले, माझ्यातही बी पडले. आणि काय सांगू, त्या वर्षी जिथे मी पडलो होतो तिथलेच पीक सगळ्यात उंच आले. एवढी वर्षे मी कसदार माती अडवून ठेवली होती ना!

एक पाहुणा म्हणाला, "ही मधली वाकडी पट्टी कसली हो? भलतीच फोफावलीय!"

"तिथे पूर्वी बांध होता," भाऊ म्हणाला. "उगीच मोकळी पडलेली जागा."

पाहुण्याचे ते कौतुक काळीने ऐकले असणारच. ऐकावे, यासाठीच मी ते पीक तसे वाढवले होते.

दुसऱ्या वर्षी फार मोठा पाऊस आला. ऐन दुपारी, पिके घोट्याएवढी असताना. रस्त्याकडून पाणी निघाले आणि त्याला वाटेत कोणी 'थांब' म्हणाले नाही. हद्दीचे दगड आपापल्या जागी सरळ उभे होते. पाणी दोन दगडांच्या मधून गेले. मी धरायला गेलो, पण धरू कशाने? माझी मुळे कडेला वाळून पडली होती. मी काळीला बिलगलो, काळी मला बिलगली, आणि दोघेही वाहत विहिरीत जाऊन पडलो. जन्मात पहिल्यांदा तिचे आणि माझे सारखेच हाल झाले. दोन दिवस विहिरीतले पाणी दुधाच्या चहासारखे दिसत होते. मग ते निवळले आणि मी तळाशी बसलो.

तळाशी बसून मला वरचे सगळे ऐकू यायचे. विहिरीवर पाणी भरताना माणसे जे बोलतात, ते इतर कुठे बोलत नाहीत. ताईच्या शेतात काळा थर पातळ होऊन खालचा पिवळट मुरूम उघडा पडू लागला होता. पिके पिवळी दिसायला लागली. मग तिने खताची एक गोणी जास्त टाकली. भाऊच्या शेतात पाण्याने घळ पाडली होती, त्यानेही एक जास्त टाकली. शेणखत टाकायला वेळ लागतो, म्हणून ते बंद. पिकाचा उरलेला पाला जमिनीत कुजवायला वेळ लागतो, म्हणून तो पेटवून द्यायचा. काळी उपाशी आणि तिच्या डोक्यावर औषधांचा मारा, असा प्रकार. पाऊस आला की ते खत विरघळून उतारावरून माझ्याकडे विहिरीत यायचे. विहिरीचे पाणी हिरवट झाले. वर तवंग धरला. बादली बुळबुळीत व्हायला लागली.

त्यातच चिमणी माहेरी आली. तिला मुलगी झाली होती, मूठभर जीव. आईचे दूध पुरत नव्हते, म्हणून डब्यातली पूड पाण्यात कालवून द्यावी लागे. चिमणीने बादलीतले पाणी पाहिले, बोट बुडवले आणि नाक मुरडले. तिने पाणी तपासणाऱ्या बाईंना बोलावले. बाईंनी बाटलीत पाणी नेले आणि चार दिवसांनी परत आल्या.

"यात खत उतरलंय," त्या म्हणाल्या. "मोठ्यांनीही पिऊ नये, आणि बाळाला तर थेंबभरही देऊ नका."

"उकळून देऊ," ताई म्हणाली.

"उकळून ते जात नाही, आजी. पाणी आटतं आणि ते तेवढंच राहतं. उलट जास्त घट्ट होतं."

त्या गेल्यावर चिमणी पिशवी भरू लागली. ताई विहिरीच्या काठाला धरून उभी राहिली. "माझी नात," ती म्हणाली, "आणि तिला माझ्या घरचं पाणी चालत नाही?" हे ती कोणाला म्हणाली ते कळले नाही. विहिरीत मीच होतो.

भाऊ धावत आला. आल्या आल्या दोघांची जुंपली. तुझे खत, तुझी माती, तूच आधी कोरलेस, नाही तूच. चिमणीने कडेवरचे बाळ सावरले आणि म्हणाली, "मामा, आई, तुम्ही भांडा निवांत. आम्ही उद्या निघतो."

मामाने तिची भरलेली पिशवी उचलून बाजूला ठेवली. मग म्हणाला, "निघू नकोस. पाणी मी आणतो." दुसऱ्या दिवसापासून तो सायकलला दोन कॅन लटकवून लांबच्या नळावरून पाणी आणू लागला. चढ होता, त्याला धाप लागायची. पण चिमणी राहिली.

मग त्यांनी विहीर उपसायला काढली. पंपाने पाणी काढले आणि गाळ बादल्यांनी वर येऊ लागला. काळा, मऊ, लोण्यासारखा गाळ. आणि मित्रांनो, माझ्या आयुष्यातला सगळ्यात गोड क्षण आला, दोघे माझ्यासाठी भांडू लागली!

"ही माती वरून आलीय, म्हणजे माझी," ताई म्हणाली.

"माझ्या शेतातली घळ कोणी पाडली मग? भरपाई म्हणून तरी माझी!" भाऊ म्हणाला.

काळीसाठी लोक भांडतात, हे मी नेहमीच पाहिले होते. माझ्यासाठी कोणी आवाज चढवला, तो हा पहिला दिवस. मी अगदी फुगून गेलो होतो.

अगदी तळाचा गाळ वर आला तेव्हा चिमणी बाळाला खांद्यावर टाकून तिथेच उभी होती. तिने एक ढेकूळ उचलले. त्यातून कुजलेल्या मुळ्यांचा गुंता लोंबत होता. तिने ढेकूळ फोडले, सवयीने नाकाशी नेले, आणि तशीच उभी राहिली.

"आई, वास घे."

ताईने घेतला. तिने ते भावापुढे धरले. भाऊने वास घेतला आणि टोपीने तोंड पुसले.

"ही तुझ्या शेतातली नाही आणि मामाच्याही नाही," चिमणी म्हणाली. "हा आपला बांध आहे. तुम्ही दोघांनी मिळून विहिरीत ढकललात."

तेवढ्यात बाळ रडायला लागले, त्याची दुधाची वेळ झाली होती.

पुढचा पाऊस आला तेव्हा सगळे घरात बसलेले असताना ताई कुदळ घेऊन बाहेर पडली. केस पांढरे झालेले, गुडघे दुखणारे. मागोमाग भाऊ, काखेत खुंट्यांची मोळी घेऊन. ताईने सरी ओढली.

"पाणी कुठे पळतंय?"

"पुढे," भाऊ म्हणाला.

"म्हणजे पुढची जागा खाली गेली. वर सरक."

"ताई, वर सरकलं की तुझ्या शेतात शिरतंय."

"शिरू दे. पलीकडे वळलं की तुझ्यात शिरेल. पाण्याला काय हद्द कळते?"

भाऊ हसला. "आबा तुला घेऊन गेले होते. मला नेलं नव्हतं. तेव्हा फार राग आला होता मला." बघा, जळणारा मी एकटाच नव्हतो.

गाळ टोपल्यांनी वाहून त्या रेषेवर मला पुन्हा घातले. दगडांच्या वाटेपाशी जो झुबका राहून गेला होता, त्याचेच फाटे फोडून माझ्यावर लावले. सगळा मी परत आलो नाही. माझा बराचसा भाग विहिरीच्याही पुढे, ओढ्याने कुठे गेला त्याचा पत्ता नाही. काळीचा तर त्याहून जास्त गेला. बोटभर काळा थर जमायला जेवढा काळ लागतो, तेवढे आयुष्य तिथल्या कोणत्याच माणसाचे नव्हते. एका दुपारी गेलेली ती माती आता कोणी आणून देणार नाही. काळीबद्दल मला वाईट वाटले, आणि ते मी इथे एकदाच सांगतो आहे.

हद्दीचे दगड उपटून विहिरीचा काठ उंच केला. शेणखत परत आले. पाला पेटवायचे बंद झाले, खताच्या गोण्या कमी झाल्या, आणि एक वर्ष सोडून डाळीचे पीक घ्यायला सुरुवात झाली. तरी पाणी लगेच सुधारले नाही. बिघडायला एक दुपार पुरते, सुधारायला वर्षे लागतात. चिमणी सासरी गेली होती. सुट्टीत यायची तेव्हा एका हातात लेक आणि दुसऱ्या हातात पाण्याचा कॅन. गाडीतून उतरली की ताई आधी नातीकडे पाहत नसे, कॅनकडे पाहत असे. मग तोंडभर हसून पुढे होई. ते हसणे मला माझ्या जागेवरून दिसायचे. मला बघवायचे नाही.

बाई दरवर्षी बाटली भरून नेत आणि मान हलवत. यंदा त्या आल्या आणि म्हणाल्या, "आता द्या खुशाल."

चिमणी आली. एका हातात लेक. दुसरा हात रिकामा.

त्या दिवशी नातीला विहिरीचे पाणी पेल्यात भरून ताईने स्वतः पाजले. निम्मे पाणी पोरीच्या फ्रॉकवर सांडले.

आता सरळ्या ट्रॅक्टर घेऊन आला की दोन्ही बाजूंनी एकच ओरडा होतो, "बांधापासून लांब!" त्याच्या ओळी आता माझ्याबरोबर वळतात. तो कुरकुरतो, म्हणतो माझे नाव बदला. आणि काळी? तिच्या अंगातला चांगला ऐसपैस पट्टा माझ्या दोन्ही बाजूंना मोकळा सोडला आहे. पाहुणे अजूनही माझ्यावर उभे राहून तिचेच कौतुक करतात. मी अजूनही जळतो. स्वभावाला औषध नाही.

पण मित्रांनो, या जळक्या बांधाचे एक ऐका. तुमच्या वाटेत कुठे एखादा वाकडा बांध आला, तर तो सरळ करण्याआधी एकदा पावसात तिथे उभे राहा. पाणी कुठे पळते, कुठे थांबते, ते बघा. मग काय तो हात लावा. काळीला जपायचे असेल तर तिच्या कडेला पडलेल्या आम्हा बिनमालकांना आधी जपा. आम्ही गेलो की पाठोपाठ तीही जाते, आणि दोघांचा गाळ तुमच्याच पेल्यात येतो.

आणि हो, एक सांगायचे राहिले. त्या दिवशी पेल्यात घोटभर पाणी उरले होते. ताईची नात ते घेऊन दुडुदुडु माझ्यावर आली, माझ्या गवतात पेला उपडा केला आणि मागे वळून ओरडली, "आजी, बांधमामाला पण दिलं!"

काळीला विचारा, तिला कधी कोणी पेल्याने पाणी पाजले आहे का?